‘व्हेन’चं वाक्य

१७ जून. उकाडा असह्य, वारा पडलेला. शाळेची नवी इमारत आज सुरू झाली. हंगामी शिक्षिका गुरवबाईंना यंदा ठेवतात की काढतात, या काळजीनं आम्हा शिक्षकांचं कशात लक्ष नव्हतं. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष इंगवले पालकांना घेऊन बाईंच्या वर्गात शिरले.

“काय हो बाई, ‘व्हेन’चं एखादं वाक्य तरी येतं का पोरींना?”

आलेल्या पाहुण्याकडून इंग्रजी वाक्य घ्यायचं आणि ते रोज म्हणायचं, ही त्या वर्गाची रीत. पोरी एका सुरात म्हणाल्या, “व्हेन द न्यू बिल्डिंग इज रेडी, आय विल मेक मॅडम पर्मनंट!”

“हे कुणी शिकवलं?”

“तुम्हीच, साहेब, गेल्या वर्षी,” बाई म्हणाल्या. “बरोबर आहे ना? का पोरींकडून बदलून घेऊ?”

पालक इंगवल्यांकडे बघत राहिले.

चार वाजता बाईंना कायम नेमणुकीचं पत्र मिळालं.