देसायांच्या अंगणातली आंबगुळी

तळसुऱ्याच्या देसायांच्या अंगणात आंबगुळीचं एक झुडूप आहे. ना आकार, ना शिस्त. पानांची पाठ रुपेरी, फांद्या वाटेल तिकडे गेलेल्या. पाहुणे फोटो काढतात आणि म्हणतात, जरा कातरलं तर किती छान दिसेल! त्यावर धोंडू गुरव नाक मुरडतो आणि ही हकीकत सांगतो.

फार पूर्वी इथे भिवजीराव देसाई होते. अक्कल बेताची, मिशा मात्र कानापर्यंत. त्यांनी जुगाईदेवीला नवस केला होता म्हणे, घरात पाळणा हलू दे, शिमग्याला पालखी दारात आली की माझ्या बागेतल्या लाल आंबगुळांनी परडी भरीन. त्यासाठी डोंगरावरून हे झुडूप आणवलं आणि सून आवडी हिच्या गळ्यात घातलं. तिने आळं केलं, पालापाचोळा कुजवून घातला, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणलं. झुडूप फोफावलं, पण फळ धरेना.

धरणार कसं? दिवाळीला पाहुणे येत, म्हणून त्याआधी देसाई कातर लावून झुडपाचा हत्ती करवत. सोंडेसकट! लोक वाहवा करत आणि देसाई मिशीला पीळ भरत. कातरलेला पाला आवडी झाडून काढी. त्यात तिला दर वर्षी बारीक, फिकट कळ्या दिसत. तिने एकदा सासूला दाखवल्या. सासू म्हणाली, "कचरा दाखवतेस होय मला?"

शेवटी देसायांनीच निवाडा केला. सुनेची सावली वाईट, म्हणून घरात पाळणा नाही आणि झाडही वांझ. येत्या शिमग्याला फळ नाही दिसलं, तर हिला माहेरी पोचवायची. नवरा मिठाची गुळणी धरून बसला. त्याच्याकडून आवडीची अपेक्षा नव्हतीच. तिला चीड आली ती या माणसांना भीत आपण इतकी वर्षं काढली याची.

दिवाळी आली तशी कातर आली. आवडी झुडपाला पाठ लावून उभी राहिली.

"मामंजी, आधी तुमच्या मिशा उतरवा, मग याला हात लावा."

देसायांचा हात आपसूक मिशीवर गेला. सुनेला घालवायला जो माणूस एका पायावर तयार होता, त्याला चार केस सोडवेनात! कातर परत गेली. त्या दिवाळीला पाहुण्यांना हत्ती दिसला नाही, आणि देसाई म्हणे डोकं दुखतं म्हणून माजघरात पडून राहिले.

शिमग्याला झुडूप लालभडक झालं. पालखी दारात आली, तसे देसाई परडी घेऊन ऐटीत पुढे झाले, जणू फळं त्यांच्या मिशीलाच लागली होती. त्यांनी फांदीला हात घातला मात्र, पालखी अशी जड झाली की भोयांनी गुडघे टेकले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, पण पालखी तसूभर हलेना. मग भर अंगणात न्हावी बोलवावा लागला. मिशा उतरल्या, तेव्हा पालखी उठली असं सांगतात.

"सूनबाई, झालं गेलं विसर, घरात चल," देसाई म्हणाले. मिशांवाचून त्यांचं तोंड सोललेल्या कांद्यासारखं दिसत होतं.

आवडीने ओंजळभर आंबगुळं देवीला वाहिली. बाकीची जमलेल्या सासुरवाशिणींच्या ओट्यांत घातली. "ज्यांना कळी आणि कचरा यांतला फरक कळत नाही, त्यांच्या घरात मला राहायचं नाही," म्हणाली, आणि कुणी पोचवायची वाट न बघता माहेरी चालती झाली. तिला परत आणायला देसाई दोनदा गेले म्हणे. तिने दार उघडलं नाही.

आजही तळसुऱ्यात शिमग्याआधी आंबगुळीला कातर लागत नाही. पालखीच्या दिवशी पहिली फळं गावच्या सासुरवाशिणी खातात. देसायांच्या घरचा कर्ता पुरुष मिशा उतरवून, रिकामी परडी धरून बाजूला उभा असतो. उरतील ती फळं त्याची, असा नेम आहे. आजवर एकही उरलेलं नाही.