कापडदुकानाचं पहिलं गिऱ्हाईक

फार मागची गोष्ट. नवा रस्ता गावाबाहेरून गेला आणि पेठेतली दुकानं एकेक करून बंद पडली. त्यातल्या एका कापडदुकानाला वाळवी लागली होती. “यंदा आम्ही आढं गाठणार,” ती म्हणायची. आढं गेलं की छप्पर बसणार, हे दुकानाला ठाऊक होतं. तरी त्याचा ताठा काही जाईना. शेळी सावलीला आली की म्हणायचं, “इथं लुगडी विकली जायची, बाई. हा गोठा नव्हे.”

एकदा दिवस उगवताच एक तांबडी कोंबडी फळीच्या फटीतून आत शिरली.

“चल, नीघ,” दुकान म्हणालं.

“निघते की, दादा. पण भवानीचं गिऱ्हाईक तुमच्या पेठेत असंच परत पाठवतात का?”

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक दुकानाच्या मालकाने कधी विन्मुख पाठवलं नव्हतं.

“काय दाखवू?” दुकानाने नाइलाजाने विचारलं.

“अंडी घालायला एखादा कोपरा दाखवा.”

पुढे पिल्लं निघाली आणि दिवसभर वाळवी टिपू लागली. कोंबडीला शोधत तिची मालकीण ठकूबाई आली. फटीतून आतला गारवा लागला तशी ती तिथंच पायरीवर टेकली. मजुरीला जाणाऱ्या बायांची तान्ही मुलं ती सांभाळायची, तेही उन्हात, बांधावर. तिने मालकाकडून किल्ली मागून आणली आणि त्याच आढ्याला झोळ्या बांधल्या.

शेजारच्या बंद भांडीदुकानाने हाक मारली, “काय गड्या, काय खपतं आता तुझ्याकडे?”

“हळू बोल,” दुकान म्हणालं. “आत्ताच डोळा लागलाय एकाचा.”