नवव्या फेरीची गाठ

समुद्राकाठच्या एका गावात बाबल नावाचा एक गडी होता. गोफ नाचावा तर बाबलनेच, असे सारा गाव म्हणे. दुर्दैवाने ते बाबलच्याही कानावर आले होते.

गोफ म्हणजे काय, ते आधी सांगतो. मांडवाच्या आढ्याला आठ रंगीत दोऱ्या टांगतात. आठ जण एकेक दोरी धरून ढोलाच्या तालावर नाचतात, चार या बाजूने, चार त्या बाजूने. समोरून येणाऱ्या एकाच्या आतून जायचे, पुढच्याच्या बाहेरून. नाचता नाचता वर दोऱ्यांची सुरेख वेणी विणली जाते. खरी परीक्षा त्यानंतर. तीच पावले उलटी टाकून ती वेणी पुरती उलगडायची. बाबलच्या गावात प्रत्येक दोरी एकेका घराने दिलेल्या जुन्या लुगड्याची असे. दिवेलागणीपर्यंत गोफ सुटला नाही, तर तो कापायचा आणि ज्याच्यामुळे अडला त्याने पुन्हा कधी दोरी धरायची नाही, असा रिवाज होता.

त्या वर्षी शिमग्याला आत्माराम पहिल्यांदाच गोफात उतरला. तो गावचा घरजावई. त्याच्या सासूने आपले लग्नातले हिरवे लुगडे फाडून जावयासाठी दोरी वळली होती.

विणताना नवव्या फेरीत बाबलने लोकांकडे पाहून ऐटीत गिरकी घेतली, आणि आत्मारामच्या बाहेरून जायचा तो आतून गेला. आत्माराम आपली पावले मोजण्यात गुंतला होता. दुसऱ्या कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. बाबलला मात्र लगेच कळले, पण तो तसाच नाचत राहिला.

उलगडताना नेमका तिथेच गोफ अडला. दोघा-तिघांनी दोऱ्या ओढल्या. गाठ आणखी आवळली. ढोल थांबला. मावळतीचे ऊन मांडवाच्या खांबांवर वर वर सरकू लागले.

सगळ्यांच्या नजरा आत्मारामकडे वळल्या. नवा माणूस, त्यात घरजावई. दोष द्यायला याहून सोयीचा कोण मिळणार? सासरच्या जेवणाने पाय जड झाले असतील, असे कोणीतरी म्हणाले आणि लोक हसले. बायकांत बसलेल्या सासूने मान खाली घातली.

बाबलने मनाशी हिशेब केला. बोलावे तर आपली दोरी कायमची हातची जाते, गप्प बसावे तर आत्मारामची जाते. तो गप्प बसला.

कात्री आणली गेली. तेव्हा आत्माराम म्हणाला, "माझीच चूक झाली असात. पण लुगडी कापू नकात."

ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्या भिवाआजांनी विचारले, "मगे सांग, खंयच्या पावलाक चुकलंस?"

आत्मारामला सांगता येईना. न केलेली चूक आठवणार कशी? भिवाआजांनी निःश्वास टाकला, कात्री उचलली आणि पहिली हिरवीच दोरी हातात धरली.

आता मात्र बाबलला राहवेना. तो म्हणाला, "आजा, थांबा. भायरसून जावचा सोडून मी भुतूरसून गेलंय. आत्मारामाची चूक नाय."

बाबल आत्मारामसमोर येऊन उभा राहिला. आता बरोबर पाऊल टाकून भागणार नव्हते. चुकून जसा आतून गेला होता, तसेच आतून मागे यायला हवे होते, आणि ती वाट त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. भिवाआजांनी हलकेच ताल धरला. बाबल मागे आला. गाठ सैल झाली. मग फेरीमागून फेरी उलगडत गेली, आणि देवळात दिवा लागायच्या आत आठही दोऱ्या मोकळ्या लोंबू लागल्या.

बाबलने आपली दोरी भिवाआजांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती उचलून परत त्याच्या हातात दिली. रिवाज कापलेल्या गोफाचा आहे, हा तर सुटला, असे ते म्हणाले. आत्मारामच्या सासूने मात्र पुढचे आठ दिवस बाबलशी बोलणे टाकले, आणि तेही योग्यच झाले.

तात्पर्य: लपवलेली चूक ओढाताणीने अधिकच आवळते, ती करणाऱ्यानेच कबूल करून मागे फिरावे, तरच ती सुटते.