डोक्यावरचं गवत

"मग मी त्याला दिसलो कसा, बाबा?"

हेरंब मठाच्या ओट्यावर बसला होता. कमरेपर्यंत चिखल. अंगावर गवताचा झगा, डोक्यावर गवताची टोपी, तोंडाला बाबांच्याच धुनीतली राख. मांडीवरचा कॅमेरा मात्र कोरडा, मऊ फडक्यात गुंडाळलेला.

सोमगिरबाबा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिसलास असं कोण म्हणतं?"

"तोच म्हणतो."

हेरंबने फडकं सोडलं आणि कॅमेऱ्यामागची काच बाबांपुढे धरली.

काचेत बारशिंगा होता. मठामागच्या पाणथळीत जो कळप राहतो, त्याचा धनी. थंडी पडली की हे नर माजावर येतात. चिखलात लोळतात, डुरकतात, माद्यांभोवती फिरत राहतात. हा त्यांतला सगळ्यात जुना. डाव्या शिंगाचं एक टोक मोडलेलं.

फोटो चांगला होता. धुकं, पाणी, पाण्यात उभे चार पाय.

पण बारशिंगा थेट हेरंबकडे बघत होता.

पुढचा फोटो. तसाच. त्याच्या पुढचा. तसाच, फक्त आणखी जवळ आलेला.

हेरंबला हे नको होतं. त्याला तो माद्यांमध्ये हवा होता, आपल्याच नादात, कोणी बघतंय याची खबर नसलेला. त्या एका फोटोसाठी त्याचं पुस्तक अडलं होतं, आणि माजाचे दिवस सरत आले होते.

"वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता," हेरंब म्हणाला. "खोकलो नाही. पापणी हलवली नाही. वीस वर्षांत एकाही जनावराने मला पाहिलेलं नाही. तुम्हीच शिकवलंत ना? पहिल्या वर्षी म्हणालात, आधी नाहीसा हो. झालो मी. माझ्याइतका नाहीसा होणारा माणूस या देशात दुसरा नाही, बाबा."

बाबांनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"असेलही एखादा. पण तो दिसणार कसा..."

ओट्याशेजारी मठाची गाय बांधलेली होती. तिने मान लांब केली आणि हेरंबच्या खांद्यावरचं गवत ओढलं. त्याने तिचं तोंड ढकललं. तिने पुन्हा ओढलं.

"हिला तरी पटलास तू," बाबा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, तो असा बघत उभा राहतो तेव्हा कळप कुठे असतो?

हेरंबने सांगितलं. कळप मागेच राहतो. बारशिंगा त्याला सोडून, हेरंब दडून बसतो त्या लपणीच्या समोर येतो, खुराने चिखल उडवतो, डुरकतो आणि परत जायचं नाव घेत नाही. काल चरला नाही, आज चरला नाही. पलीकडच्या काठाला दोन तरणे नर येऊन उभे आहेत, ते हळूहळू माद्यांकडे सरकताहेत. हे सगळं त्याने तक्रार सांगावी तसं सांगितलं.

बाबांचा हात सुपातच थांबला.

"म्हणजे तुझ्यापायी त्याचा संसार मोडायला आलाय."

"माझ्यापायी कसा? मी तिथे नसतोच."



बाबांनी काचेवर बोट ठेवलं. बारशिंग्याच्या शिंगांवरून काहीतरी लोंबत होतं. ते काय, असं त्यांनी विचारलं.

हेरंब खुलला. ते गवत आहे, त्याने सांगितलं. माजात आलेला नर गवतात शिंगं घुसळतो आणि चांगला भारा उचलून डोक्यावर मिरवतो. त्याने डोकं मोठं दिसतं. ज्याचा भारा मोठा, त्याला बाकीचे वाट देतात. आणि तेवढाच भारा घेऊन दुसरा कोणी समोर ठाकला, तर सगळं सोडून त्याच्यापुढे जाऊन उभं राहावं लागतं. हेरंबने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण होतं.

"मग ते गवत काय म्हणतं?"

"म्हणतं, मी आहे. माझ्याकडे बघा."

बाबांनी सूप खाली ठेवलं. पुढे वाकले. हेरंबच्या टोपीतली एक काडी उपसली आणि काचेवर, बारशिंग्याच्या शिंगांवर आडवी ठेवली.

त्याच गवताची होती. ओली, टोकाला पिवळी.

हेरंबचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला.

गाय रवंथ करत होती, तेवढाच आवाज.

मग त्याने टोपी काढली. झगा काढला. दोन्ही गाईपुढे ठेवून तो तोंड धुवायला विहिरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो साध्या सदऱ्यात गेला. लपणीत शिरला नाही. कळपाला दिसेल असा बांधावर, उघड्यावर बसला. बारशिंग्याने एकदा मान वळवून पाहिलं. रोजच्या वाटेवरचं खोड बघावं तसं. आणि वळून माद्यांकडे गेला. तरणे नर काठावरून निघून गेले. बारशिंग्याचं डुरकणं मठापर्यंत ऐकू येत होतं. गाईला चारा टाकता टाकता बाबा हात थांबवून ते ऐकत राहिले.

ऊन वर आलं तेव्हा हेरंब जवळजवळ पळतच आला.

फोटोत बारशिंगा माद्यांमध्ये उभा होता. मान वर, तोंड उघडं, श्वासाची वाफ उन्हात सोनेरी झालेली. तो कोणाकडेच बघत नव्हता.

बाबांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. काच धोतराच्या सोग्याने पुसून पुन्हा पाहिला.

"राहिला संसार," ते म्हणाले.

"उघड्यावर बसलो, बाबा." हेरंबचा श्वास अजून खाली बसला नव्हता. "आडोसा नाही, टोपी नाही, अंगावर काडीसुद्धा नाही. सगळे लपायचं शिकतात. शिकलेलं असं टाकून देणारा मी पहिलाच असेन. पुस्तकात पहिल्या पानावर हेच घालणार. मी काहीच घातलं नव्हतं."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पोराने पहिली कमाई आणावी आणि बापाने त्याच्याकडे बघावं, तसं ते त्याच्याकडे बघत होते.

मग त्यांनी हाताने खूण केली, खाली वाक.

आशीर्वाद मिळणार म्हणून हेरंब वाकला, डोळे मिटून.

बाबांची बोटं त्याच्या केसांतून हळूच फिरली. केस नुकतेच धुतलेले, स्वच्छ होते. एका जागी बोटं थांबली. काहीतरी चिमटीत धरून बाबांनी हात बाहेर काढला आणि उन्हाकडे करून दाखवला.

हेरंबने डोळे उघडून पाहिलं. चिमटीत काही नव्हतं...

"एक काडी राहिली होती," बाबा म्हणाले.