टांगला की टेकवला?

एका शहरात एक दमलेला माणूस राहायचा. आता दमतो आपण सगळेच, पण हा सकाळी उठायचा तोच दमलेला. घरी तो, बायको आणि बायकोचा लाडका एंजल मासा. सहा वर्षांचा, चपटा, एकदम रुबाबदार. ती टाकीजवळ गेली की लगेच काचेपाशी हजर!

थंडीत माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. माणूस ऑफिसातून परस्पर रंगीत माशांच्या दुकानात गेला.

दुकानवाल्या मावशी म्हणाल्या, "वेगळ्या टबात ठेवा, औषध घाला, हीटरनं पाणी कोमट ठेवा. टब प्लास्टिकचा चालेल, पण ऐका हं, हीटर मधोमध टांगायचा. वर आडवी काठी टाका, तिला बांधा. अख्खा पाण्यात हवा आणि प्लास्टिकला कुठंच टेकायला नको."

"हो, हो," माणूस म्हणाला. त्याला फक्त घरी जाऊन पडायचं होतं.

औषध आणि हीटर घेऊन तो घरी आला, मावशींचं सांगणं बायकोच्या कानावर घातलं. मग गॅलरीत टब भरला, औषध घातलं, मासा सोडला. आता काठी! काठी माळ्यावर. माळ्याला स्टूल लागणार, स्टुलावर इस्त्रीचे कपडे. नुसत्या विचारानंच तो आणखी दमला. त्यानं हीटरची रबरी चकती टबाला दाबली. टब गोल, ती सुटली. परत दाबली, परत सुटली. "जाऊ दे ना यार," म्हणत त्यानं हीटर कडेला टेकवला आणि बटण दाबलं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, टांगलात ना नीट?"

"लावला गं, लावला!"

बघा, काय सोयीचा शब्द आहे! टांगला म्हणावं तर खोटं, टेकवला म्हणावं तर उठावं लागणार. 'लावला' म्हटलं की विषय संपला. माणूस सोफ्यावर आडवा झाला.

तासाभरानं बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. "अहो, धबधबा काढलाय का वरती? आमची सगळी गॅलरी भिजली!"

तिघं गॅलरीत धावली. हीटर टेकला होता तिथं, अगदी बुडाशी, प्लास्टिक वितळून भोक पडलेलं. बोटभर पाण्यात मासा आडवा पडलेला. माणूस हात घालणार इतक्यात बायको ओरडली, "आधी बटण! पिन काढा!"

त्यानं पिन काढली. तिनं माशाला ओंजळीत उचलून पाण्याच्या पातेल्यात सोडलं. कल्ले दोनदा हलले. मग नाही हलले.

काकूंनी फडकं घेऊन गॅलरीतलं पाणी पुसायला घेतलं.

"खरंच खूप दमलो होतो गं," माणूस म्हणाला.

"दिसतं हो मला," बायको म्हणाली. चिडायचंही त्राण तिच्यात नव्हतं. "मग तसं म्हणायचं ना. 'दमलोय, काठी तू काढ.' काढली असती मी."

तात्पर्य: दमलात तर दमलो म्हणा, पण अर्धवट काम 'झालं' म्हणून सांगू नका, तापलेल्या हीटरला आपली दमणूक कळत नाही.