विहिणीच्या गाण्यातली ओळ

“पण बाई, गोष्ट शंभर टक्के खरी असेल, तर गायची का नाही?” आसावरीनं विचारलं.

सोमणबाई जिलबीचं ताट पुसत होत्या.

बाईंनी कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत त्या विहिणीची गाणी शिकवायला लागल्या. विहिणीची पंगत बसली की मुलीकडच्या बायका मुलाच्या आईची गाण्यातून टिंगल करतात, ती गाणी. लोक म्हणाले, बाईंना म्हातारचळ लागला. बाई म्हणाल्या, विषय तोच आहे, नुसती चाल लावलीय.

आसावरी त्यांचीच विद्यार्थिनी. आता विनोदावरच्या संशोधनात तिचं मोठं नाव. व्यंगचित्रं, नभोवाणीची प्रहसनं, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती, आणि कुठल्या कुठल्या देशांतली लग्नातली टिंगलगाणी. माणसं कशाला हसतात हे ती कुणालाही, कुठेही समजावून देऊ शकत असे. समोरचा तोवर हसायचा थांबलेला असे, ती गोष्ट वेगळी.

उद्या तिच्या धाकट्या बहिणीचं, मुक्ताचं लग्न. विहिणीचं गाणं आसावरीनं स्वतः रचलं होतं.

“म्हण परत,” बाई म्हणाल्या.

आसावरीनं चालीत म्हटलं,

“विहीणबाई बी.ए., पाटी दारावर,
मॅट्रिकचा निकाल अजून वाटेवर.”

जमलेल्या बायका फिस्सकन हसल्या. कुमुदकाकूंना तर ठसका लागला. मुक्ताच्या होणाऱ्या सासूबाई, विजूताई आपटे, शाळेच्या मंडळावर अध्यक्ष होत्या. त्या मॅट्रिक नापास आहेत हे आसावरीनं त्यांच्या माहेरच्या गावी फोन करून काढलं होतं.

“विजूताईंच्या घरात हे कुणाला ठाऊक आहे?” बाईंनी विचारलं.

“कुणालाच नाही. म्हणून तर धार आहे.”

“खरं आहे ना?”

“अगदी.”

“मग ही थट्टा कशी झाली?”

आसावरी हसली. हा प्रश्न तिला सभांमधून नेहमीच येई. “बाई, उपहासाचं बळच खरेपणात असतं. वरचढ माणसाचं झाकलेलं उघडं करायचं. आणि वरपक्षाहून वरचढ कोण असतं आपल्याकडे?”

“मुक्ता,” बाई म्हणाल्या, “परवापासून राहणार कुठे?”

“तिथेच. विजूताईंना सवय होईल ऐकून घ्यायची.”

बाईंनी मान डोलावली. मग पाट मांडला, ताट वाढलं. “बैस.”

“मी?”

“गाणारणीनं आधी पाटावर बसायचं. इथली रीत आहे. तू इतके देश हिंडलीस, पाटावर कुठे बसली होतीस का?”

नव्हती. ती नेहमी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बाजूला उभी असे.

ती बसली. काकू शेजारी टेकत म्हणाल्या, “पाट दोन मांडायचे ना हो बाई. आमचे जावईबापू आज येतायत की नाही, आसू?”

“सुट्टी नाही मिळत त्यांना, काकू.”

बाईंनी टाळी धरली.

“आसावरीबाईंची विद्या अपार,
अंगठा उठवून सही करणार.”

पडवी हसली. आसावरीही हसली. अगदी पोटातून. हातातली जिलबी ताटात पडली.

“हे बघ, खोटं आहे म्हणून हसतेयस,” काकू म्हणाल्या. “खरंच मॅट्रिक नापास असतीस तर?”

“काकू, तुम्ही थांबा,” आसावरी म्हणाली. “बाई, दुसरं घ्या. चांगलं झणझणीत. मी ऐकून घेईन.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा टाळी धरली.

“आसावरीचे यजमान सुट्टीविना अडले…”

बायका पुढची ओळ उचलायला टपून बसल्या.

आसावरीचा घास तोंडातच राहिला.

तिचा नवरा निरंजन दिवाळीपासून वेगळा राहत होता. सुट्टीची गोष्ट तिची होती. मुक्ताचं लग्न पार पडेपर्यंत पुरावी एवढीच. हे आईला ठाऊक नव्हतं, मुक्तालाही नव्हतं. तिचा हात आपोआप गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे गेला आणि तिथेच थांबला.

टाळी चालू होती… एक आवर्तन… दुसरं…

बाईंचं तोंड उघडलं. नजर त्या मण्यांवरच्या हातावर गेली. मिटलं.

“पुढचं विसरले,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही? विसरलात?” काकूंना हर्ष झाला. “बायांनो, सोमणबाई अडकल्या हो. लिहून ठेवा कुणीतरी.”

आता सगळ्या बाईंना हसायला लागल्या. एक म्हणाली, वय झालं. दुसरी म्हणाली, आता गादी काकूंना द्या. बाई मान खाली घालून हसत होत्या आणि ताटावरच्या माशा वारत होत्या.

“चला,” काकू म्हणाल्या, “आसूची ती मॅट्रिकची ओळ बसवू. उद्या मोबाइलवर गावभर जाईल बघ. म्हण गं.”

आसावरीनं घास गिळला.

“मीसुद्धा विसरले, काकू.”

“अगं, आत्ताच तर म्हणालीस.”

“विजूताई भारी चिक्कू आहेत, असं काहीतरी रचू.”

“विजूताई? अगं, त्या येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालतात.”

“म्हणून तर.”

काकूंनी कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला सगळ्यांना घेऊन आत गेल्या.

पडवीत दोघीच उरल्या. आसावरी पाटावरून उठली नव्हती.

“बाई…”

“हं.”

“पुढची ओळ तयार होती ना?”

बाईंनी ताट उचललं. दाराशी जाऊन थांबल्या.

“होती. इतकी चांगली मला जन्मात जमली नव्हती.”