पाच घरांचे ताट

एकदा एक शिष्य गुरूंना न विचारताच शहाणा झाला.

नदीकाठच्या त्या पाठशाळेत जुनी रीत होती. दुपारी शिष्याने झोळी घेऊन गावात निघायचे, पाच घरी माधुकरी मागायची आणि ज्या घरी जे शिजले असेल त्यातले थोडे थोडे घ्यायचे. घर कोणाचे, जात कोणती, हे पाहायचे नाही, असा गुरूंचा दंडक होता. हा शिष्य मात्र घाईचा. थंडीतल्या विद्वानांच्या सभेत त्याला सबंध ग्रंथ मुखोद्गत म्हणून दाखवायचा होता. गावभर फिरण्यात वेळ दवडणे त्याला पटेना. एका व्यापाऱ्याचे घर पाठशाळेला लागूनच होते. तिथे रोज पांढराशुभ्र भात, वर तुपाची धार आणि साखर मिळे. एका दारी पोट भरते, तर पाच उंबरे कशाला झिजवायचे? त्याने बाकीची घरे सोडली.

पावसाळा सरला, थंडी पडली. ग्रंथ पाठ झाला, पण तोंड आले. ओठांचे कोपरे चिरले, जीभ सोलवटली, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. पहिला चरण उच्चारताच डोळ्यांत पाणी उभे राही. आणि सभा तर पुढच्या पंधरवड्यावर आलेली.

"गुरुजी, काहीतरी औषध द्या," तो काकुळतीने म्हणाला. "नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाईल."

गुरूंनी त्याचे तोंड पाहिले, मग त्याच्यापुढचे ताट पाहिले.

"हा भात उचल. जी घरे सोडलीस, तिथे एकेक मूद देऊन ये."

"मी देऊ? मागणाऱ्याने द्यायचे?"

"हो. आणि येताना झोळी रिकामी आणू नकोस."

औषध मागितले तर ही शिक्षा! शिष्य मनातल्या मनात धुमसतच निघाला. पहिले दार माळीणआजीचे.

"अगं बाई! व्यापाऱ्याचे जावई आज वाट चुकले वाटतं?"

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडले आणि ओठ चिरला. आजीचे हसू तिथेच थांबले. "काय करून घेतलंस हे लेकरा? तुझा वाटा रोज काढून ठेवत होते मी. ऊन उतरेपर्यंत वाट बघायची आणि मग गाईला घालायची."

तिने मेथीची भाजी वाढली, वर मूठभर आवळे टाकले. कुंभाराघरी ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ मिळाली. तेलिणीने तिळाची चटणी दिली; तोंड पाहून त्याच्यापुरती बिनतिखटाची कुटून दिली. गवळ्याने गडूभर ताक ओतले. भाताची मूद प्रत्येकाने कौतुकाने घेतली. पण इतके दिवस का आला नाहीस, हे विचारल्यावाचून कोणी राहिले नाही. शिष्य परतला तेव्हा झोळी जड होती आणि मान खाली.

गुरूंनी भाकरी ताकात कुस्करली आणि लहान मुलाला भरवावा तसा पहिला घास त्याच्या तोंडात दिला.

"बाळ, व्यापाऱ्याच्या भातात खोट नाही. उद्याही त्या दारी जा. पण तेवढ्याच एका दारी थांबू नकोस. पालेभाजी जे देते ते भात देत नाही, आणि डाळ-उसळीचे काम तुपाने होत नाही. शरीराच्या गरजा अनेक आहेत. एका चुलीवर त्या सगळ्या शिजत नाहीत. पाच घरी मागताना अहंकार जिरतो, हे मी तुला शिकवले. ताटही भरते, हे सांगायचे राहिले. ती चूक माझी."

शिष्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आले. पण या वेळी ते जिभेच्या आगीमुळे नव्हते.

सभेपर्यंत हिरड्या पुरत्या भरल्या नव्हत्या, पण जीभ निवळली होती. त्याने ग्रंथ अखेरच्या श्लोकापर्यंत म्हटला. दाराशी बसलेली माळीणआजी शेजारणीला म्हणाली, "मला एक अक्षर कळलं नाही बघ. पण आवाज कसा, पोटभर जेवलेल्याचा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हाक मारण्याआधीच तो अंगणात उभा होता.

आपल्या खांद्यावर आज झोळी नाही. तरी जेवायला बसताना ताटाकडे एकदा पाहावे आणि स्वतःला विचारावे, आज यात किती घरे आली?